आमी भाईर बसलो

९ नोव्हेंबर, सातारा

मी नववीत असताना आई एकदा म्हणाली होती, "तुला ऐकायचं नसतं गं, तुला आधीच कळलेलं असतं." कशावरून ते आठवत नाही. भांडी घासत होती, एवढं आठवतं. आज दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

सकाळी सांगलीजवळच्या माधवनगरहून सुजाताचा फोन. माझा लेख ज्यांच्यावर आहे त्या कुसुमताईंची सून. मी हसतच उचलला. दिवाळी अंकातल्या लेखाबद्दल काहीतरी छान बोलणार असं धरून. हल्ली सगळे फोन तसलेच येतात.

"मॅडम, आमच्या आज्जींना तुमी पार राक्षीण केलासा की."

कुठल्या आज्जी, विचारलं.

"आईंच्या सासू. फोटोला हार घालतो आमी त्यांच्या. आता शेजारची पोरगी इचारती, हीच का ती म्हातारी, जिनं फायनल खेळू दिली न्हाई?"

मी काहीबाही बोलले. त्या काळच्या रूढी... एका व्यक्तीवर रोख नाही... तिने पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "आईंना दिसत न्हाई आता. काल मी वाचून दाखवलं. पुरं ऐकल्या. जेवल्या न्हाईत."

१० नोव्हें.

लेख पुन्हा वाचला. 'बाहेर बसलेली राणी'. शीर्षक माझंच.

कु.ताई. माधवनगरच्या मिलमधल्या कारकुनाची बायको. मिलच्या आवारात, शेणाने सारवलेल्या कोर्टावर टेनिस शिकली. तीनदा राज्याची विजेती, आपल्या भागातली पहिलीच. आणि चौथ्या वर्षी फायनलला पोचून खेळलीच नाही. का? तर पाळी आली आणि सासूने बाहेर बसवलं. असं मी लिहिलंय. पानभर. अंधारी खोली, घोंगडं, वेगळं ताट, खुंटीवर टांगलेली रॅकेट.

खुंटी कुठून आली? कुणी सांगितली होती मला?

महिला मंडळात हाच उतारा वाचला तेव्हा समोरच्या बायका रडल्या. माझाही आवाज भरून आला. शाल घेतली. फोटो टाकला.

आधार एकच. त्यांचं वाक्य, रेकॉर्डिंगमधलं: "त्या साली आमी भाईर बसलो." एवढ्यावर बाकी सगळं मला आपोआप दिसलं.

उद्या जाणार. फोनवर नको.

११ नोव्हें., रात्र

उंब्रजला एसटी थांबली तेव्हा उतरून उलटी गाडी धरावी असं वाटलं. खिडकीतूनच चहा घेतला, सांडला.

कु.ताई पडवीत कॉटवर. टीव्हीवर कुठली तरी मॅच चालू होती, त्या मान खाली घालून ऐकत होत्या. पायरीवर माझा पाय वाजला तसं म्हणाल्या, "आलासा? बसा. दिवस हाय तवर जेवून घ्या, मग भांडू."

भाकरी, मुगाची आमटी. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण उरकतं, म्हणून मीही घाईघाईत. सुजाता वाढत होती, आग्रह करत नव्हती.

हात धुऊन झाल्यावर:

"आत्तीनं मला बसवलं आसं कुणी सांगितलं तुमाला?" (सासूला त्या आत्ती म्हणतात.)

"तुम्हीच म्हणालात, ताई. बाहेर बसलो म्हणून."

"व्हय. गेटाच्या भाईर. क्लबाच्या गेटासमोर रस्त्याच्या मोरीचा कठडा हुता, त्येच्यावर."

सुजाता नुसतं "घ्या!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. हसू होतं की राग, कळलं नाही.

"आन् पाळीचं म्हनाल तर घरात बसायचो की चार दिस. खोटं कशाला बोलू. पर मॅच आसली की आत्ती म्हनायची, देवाला काय टेनिस कळतंय? जा, खेळून ये. मिलच्या कापडाचा माझा पांढरा झगा तिनं शिवलाय. आळीतल्या बायका हसायच्या तर ह्यी त्यांच्याच दारावरनं मला न्यायची."

मी विचारलं, मग गेटाबाहेर का?

"रत्नापायी."

"कोण रत्ना?"

त्यांनी मान वर केली. दिसत नाही, तरी नेमकं माझ्याकडे तोंड.

"फायनल हुती न्हवं? मग पलीकडं कोन हुतं, भूत? मॅच दोघींची आसती बाई. तुमी एकीचंच इचारलासा."

वर्षभर जातेय मी त्या घरी. एकदाही विचारलं नाही समोर कोण होतं.

रत्नाची आई मिलचं कोर्ट सारवायची. रत्ना तिथेच वाढली, तिथेच खेळली, कु.ताईंच्या बरोबरीने. दोघी एकाच सालात फायनलला. परगावचा क्लब. तिथल्या लोकांनी रत्नाला सांगितलं, कोर्टावर ये, पण कपडे बदलायच्या खोलीत जायचं नाही, माठाला हात लावायचा नाही. कु.ताई रॅकेट उचलून बाहेर आल्या. तिला हाताला धरून. आत भोंग्यावर दोघींच्या नावाचा पुकारा चाललेला, ह्या कठड्यावर.

"आत्तीबी आली मागनं. लय बोलली मला. हातातलं बक्षीस सोडतीस, येडी का खुळी म्हनली. मग बसली. ताक आनलं हुतं तिनं. रत्नाला वरनंच वाढलं, ते बी सांगतो. पर उठली न्हाई, शेवटपातूर बसली."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. 'आमी' म्हनलं."

१२ नोव्हें.

रेकॉर्डिंग ऐकलं. तीनदा.

"त्या साली आमी भाईर बसलो." स्वच्छ आहे. आमी. आम्ही.

झालं असं की त्या स्वतःबद्दलही आलो, गेलो, खेळलो असंच बोलतात, तिकडच्या बायका बोलतात तसं. कधी स्वतःला आमी म्हणतात: "आमी काय शिकलेलं न्हाई." मी त्यांचं सगळं बोलणं 'शुद्ध' करत बसले होते. बसलो चं बसले. आमी चं मी. आणि दोन बायकांतली एक तिथेच पुसली गेली. माझ्या हाताने, व्याकरण सुधारताना.

भाईर बसणे म्हणजे आपल्याकडे एकच. मी पण काय...

आणखी एक आहे, ते लिहून टाकते. काल परतीच्या गाडीत, कराड यायच्या आत, माझ्या मनात नवीन लेखाची सुरुवात तयार होती. कठड्यावर तीन बायका, आत भोंगा. शब्दसुद्धा ठरले होते. लाज संपली नव्हती आणि वाक्यं जुळत होती.

१४ नोव्हें.

प्रकाशक जयंतराव. माझं पुस्तक छपाईला जायच्या बेतात, त्यात कु.ताईंचा हाच लेख पहिलं प्रकरण, मलपृष्ठावर त्यातलाच उतारा. सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील.

"अहो मॅडम, ही तर जास्त जोरदार गोष्ट आहे! आधी नुसती बाई होती, आता जातही आली. आठ दिवसांत लिहून द्या."

त्या दिवशी मी गाडीत वेगळं काय करत होते?

म्हटलं, रत्नाबाईंना विचारल्याशिवाय नाही. कु.ताईंनी निघताना तेच बजावलं होतं: "माझं मी सांगितलं. तिचं तिला इचारा. वाईत आसती. आदी न इचारता लिव्हलासा, आता इचारून लिव्हा."

१६ नोव्हें.

अंकाच्या संपादकांना खुलासा पाठवला. कु.ताईंच्या सासूबाईंनी त्यांना कधीही खेळापासून अडवलं नाही, मजकूर माझ्या चुकीच्या समजुतीवर आधारलेला होता, मी माफी मागते. चार ओळी. त्या लिहायला पूर्ण दुपार. 'चुकीच्या समजुतीवर' च्या आधी 'काहीशा' घातला होता. खोडला.

सुजाताला वाचून दाखवलं. "बरं," म्हणाली. मग जरा वेळाने, "मॅडम, लेख सगळ्यांनी वाचला. ह्ये कोन वाचनार?"

१९ नोव्हें., वाई

घाटाच्या वरच्या आळीत घर, अंगणात तुळस आणि टायरचा झोपाळा. रत्नाबाई काठीसारख्या ताठ. इथल्या शाळेत आयुष्यभर खेळाच्या बाई होत्या. दाराशी येताच माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "पोक काढून चालता तुम्ही." मी ताठ झाले.

"कुसुमने पाठवलं? अजून तशीच बोलते? आलो, गेलो?" खूप हसल्या. "आम्ही दोघी मुंबईला खेळायला गेलो तर तिकडच्या मुली विचारायच्या, ही मुलगा आहे का?"

चहा झाला. मी चुकलेलं सगळं सांगितलं. लेख त्यांच्यापर्यंत आला होताच. नातीच्या मोबाइलवर. "छान लिहिता," म्हणाल्या. "मी त्यात नव्हते, ते बरंच वाटलं मला."

नाव घालून लिहू का, विचारलं.

"नाही."

नाव न घालता?

"वाईत सगळं कळतं हो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या मुली आता शाळेत आहेत. अजून बाजारात मला बघितलं की बायका पिशवी सावरून सरळ उभ्या राहतात. तुमचं पुस्तक आलं की मी कोण होणार? कठड्यावर बसवलेली."

म्हटलं, बसवलेली नाही, ती कुसुमताईंनी आणि तुम्ही मिळून...

"मिळून?" त्यांनी कप खाली ठेवला. "तिने मला विचारलं होतं का?"

मी हातातली वही मिटली.

"मला खेळायचं होतं. कपडे घालूनच आले होते मी, पाणी घरून आणलं होतं. तसलं ऐकायची सवय होती मला, ते मी पायाखाली घालून आत गेले होते. ही आली आणि माझा हात धरून ओढत घेऊन गेली. सगळ्यांदेखत. तिच्याकडे तीन बक्षिसं होती. माझी ती पहिली फायनल. पुन्हा नाही झाली."

बाहेर झोपाळ्यावर कुणी तरी झोका घेत होतं, कुरकुर कुरकुर.

"आणि मी तिला हरवलं असतं त्या दिवशी. हेही लिहू नका."

निघताना पुन्हा: "कुसुमला यातलं काही बोलू नका. तिचं मन फार चांगलं आहे. तेच अवघड होतं."

२० नोव्हें.

लिहवत नाही. तीन बायकांनी एकीसाठी काय काय ठरवलं. सासूने ताक वरून. कु.ताईंनी हात धरून. मी तर तिला पुसूनच.

२३ नोव्हें.

ज.रावांना कळवलं, प्रकरण काढा. चिडले. मुखपृष्ठ तयार आहे, पुस्तकाचा कणाच जाईल, वगैरे. म्हटलं जाऊ दे कणा. मग म्हणाले, "मॅडम, एवढं कोण मनाला लावून घेतं?" पुस्तक थांबलंय. येईल की नाही, माहीत नाही.

२७ नोव्हें.

कु.ताईंचा फोन. स्वतः. सुजाताने लावून दिला असणार.

"गेला हुता का वाईला?"

हो.

"काय म्हनली रत्ना?"

छान आहेत म्हटलं. तुमच्या बोलण्याची नक्कल करून हसल्या म्हटलं.

"आन् त्या दिसाचं?"

लिहू नका म्हणाल्या.

"बरं. तिची मर्जी." मग थांबल्या. टीव्हीचा आवाज येत होता, चेंडूचा, टप् टप्. "माझ्या लग्नातली मान्सं गेली. संगं खेळलेल्या गेल्या. ही एक हाय. पर येत न्हाई हो. कागद धाडले, निरोप धाडले. मला वाटतं, त्या दिवशी म्या तिच्यापायी बक्षीस सोडलं, त्येचं ओझं वाटत आसंल तिला. तुमी सांगा तिला, म्हनावं त्यात काय न्हाई. तसलं काय मनात ठिवू नको."

हो म्हटलं. सांगते म्हटलं.

फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. कु.ताई बिचाऱ्या, रत्नाबाईंना माफ करून बसल्यात. इतकी वर्षं. आणि मला दोन्हीकडचं माहीत. मी कोण हे माहीत असणारी? एका शब्दाने चुकलेली बाई.

सांगून टाकलं तर वाईचा विश्वास मोडतो. नाही सांगितलं तर हा निरोप पोचवायचा, 'तसलं काही मनात ठेवू नका'. कुठल्या तोंडाने?

३० नोव्हें.

सुजाता: आईंना बरं नाही. दवाखान्यात नेऊन आणलं. खाणं कमी. विचारतात, वाईहून काही आलं का.

२ डिसेंबर, सातारा

आज एसटीने पुन्हा वाईला जाणार होते. स्टँडवर उभी राहिले, एक गाडी गेली, दुसरी गेली. परत आले. समोर गेले तर माझा चेहरा बघून त्या हो म्हणायच्या भिडेने, आणि ते मला नकोय. पुन्हा कुणाचा तरी हात धरून ओढणं.

फोन लावते. काय बोलायचं ते इथे आधी लिहून ठेवते, नाहीतर मी सजवून बोलेन.

रत्नाबाई, मी आता काही लिहिणार नाही. पुस्तकात ते पानही नाही. कुसुमताईंना बरं नाही. त्यांना वाटतं, तुम्हाला उपकाराचं ओझं झालंय म्हणून तुम्ही येत नाही. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे, आणि म्हणालात तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. पण त्या दिवशी तुम्हाला खेळायचं होतं, हे त्यांना सांगायला तुम्ही एकदा माधवनगरला याल का?