चारी बाजूंचे फोटो

वारूळवाडी
शुक्रवार, ५ मार्च २००४

प्रिय भरत,

हे पत्र तुझे दाजी स्वतः तुझ्या हातात देतील. कोबीचा टेम्पो घेऊन ते आज संध्याकाळी पुण्याला मार्केट यार्डात येतायत. तू म्हणशील, फोन असताना ताईला पत्राची हौस कुठून आली. अरे, फोन बंटीच्या दुकानाच्या माडीवर आहे, आणि त्याच्या पाठीमागेच पोरं तू बनवलेला गेम कॉम्प्युटरवर खेळत बसलेली असतात. मागच्या आठवड्यात तिथून बोलायला लागले तर तू सगळं हसण्यावारी नेलंस, आणि त्या पोरांच्या देखत मलाही तोंड उघडता आलं नाही. म्हणून आज शिलाई मशीन बंद ठेवून लिहायला बसलेय. पिशवीत खायचं काही शोधू नकोस, या वेळी काही पाठवलेलं नाही.

तू हर्षालीचे फोटो मागितलेस. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, हात आडवे पसरून. तेव्हापासून माझी पोरगी जमिनीवर नाही. नारायणगावच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढूनही आणले. पांढऱ्या पडद्यापुढं हात पसरून ती इतकी गप्प उभी राहिली की फोटोवाला म्हणाला, श्वास तरी घे गं बाई. फोटो चांगले आलेत आणि माझ्या मशीनच्या खणात आहेत. तिला वाटतंय मामा आपल्याला गेममध्ये घेतोय, म्हणजे हातात तलवार देऊन घोड्यावर बसवणार. तू मला फोनवर काय सांगितलंस ते मी तिला सांगितलेलं नाही. दुसऱ्या भागात राक्षसिणीचं पोर हवंय, अंग तेच, फक्त लहान, असं तू म्हणालास. आयतं माप घरातच आहे, असंही म्हणालास आणि हसलास. ते फोटो द्यायचे की नाहीत, त्यासाठी हे सगळं लिहितेय. पण आधी ठकूआत्याचं ऐक, कारण तिचं तुला निम्मंच माहीत आहे.

परवाच्या साली दिवाळीत तू ऑफिसचा कॅमेरा घेऊन आलास आणि आत्याला येडगावच्या तिच्या अंगणात अशीच हात पसरून उभी केलीस. आठवतं ना? शेजारच्या बायका हसत होत्या आणि आत्या त्यांच्यापेक्षा जास्त हसत होती. "माझ्या भाच्यानं मला बुजगावणं केलंया," म्हणाली. तू तिला चालायला लावलंस, वळायला लावलंस, क्रेट उचलायला लावलास. मला तेव्हा तुझं कौतुकच वाटलं. घरात एवढी माणसं असताना या पोराला आत्याचं अंग दिसलं, असं वाटलं. मार्केटात गड्यांच्या बरोबरीनं टोमॅटोचे क्रेट चढवणारी ती एकटी बाई. लहानपणी बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटाशी गर्दीत तू चेंगरू नयेस म्हणून तुला खांद्यावर घेऊन शेवटची गाडी पळेपर्यंत ती उन्हात उभी राहिली होती. तिच्या खांद्यावरून तुला सगळं दिसत होतं आणि मला खाली नुसती धूळ. मी दिवसभर तुझ्यावर रुसले होते.

मी रोज टेप गळ्यात अडकवून बसते, त्यामुळं माणसाकडं बघायची माझी रीतच तशी झालीय. एकीचा एक खांदा हंडे वाहून उतरलेला, एकीचं अंग बाळंतपणानं सुटलेलं, कुणी काडीसारखी, कुणी कोळशासारखी काळी आणि अंगानं भरलेली. प्रत्येकीचं कापड वेगळं बेतावं लागतं. तुझ्या गेममध्ये मला ते कुठं दिसलं नाही. तुझा तो हिरो गोरा, कंबर एवढीशी, नाक असं की आपल्या घराण्यात कधी कुणाला मिळालं नाही. त्याची मैत्रीण तशीच, राजा तसाच, राजाचा प्रधानसुद्धा तसाच. मी विचारलं तर तू म्हणालास, साहेबांना असाच हिरो लागतो, असाच खपतो. आणि शत्रूचं अंग एकदाच करायचं नि त्याच्या कॉपी मारायच्या, कारण मारायला ते ढिगानं लागतात. सगळ्या गेमात काळं, जाड, आपल्यासारखं अंग एकच, ते आत्याचं, आणि राक्षसीण होऊन झाडाझाडामागून तेच बाहेर येतं. भरत, तू स्वतः केवढा गोरा आहेस रे? आरसा बघतोस की नाही?

गेम आला तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला होता, ते मी नाकारत नाही. आपल्या गावचं पोर कॉम्प्युटरात काम करतं म्हणून तू बंटीला सीडी फुकट दिलीस. त्याच्या वडिलांनी, मदनलालशेठनी, माडीवर कॉम्प्युटर मांडून दिले होतेच. पाटी लागली, 'आपल्या गावची बाई गेममध्ये, येऊन ओळखा'. आणि मग आपल्या यात्रा कमिटीला जे सुचायचं तेच सुचलं. कुणाचं काही झालं की आपल्याकडं सत्कार. तू आला नव्हतास, तुला सुट्टी नव्हती. आत्याला स्टेजवर खुर्चीत बसवली, शाल दिली, नारळ दिला, आणि कॉम्प्युटरात गेलेली तालुक्यातली पहिली बाई असं माइकवरून सांगितलं. तिनं माझ्याकडून नवीन ब्लाउज शिवून घेतला होता. तो घालून ती ताठ बसली होती.

मग बंटीनं टीव्हीला वायर जोडून गेम लावला आणि एक पोरगा खेळायला बसला. पहिल्यांदा ती झाडामागून आली तेव्हा आत्या टाळी वाजवून ओरडली, "अगं बया, ही तर माझीच चाल!" खरंच तिची चाल होती. डावा पाय बाहेर टाकायची लकब सुद्धा तू सोडली नव्हतीस. हिरोनं लाथ मारली, ती पडली. दुसरी आली, पडली. मागून तिसरी आली. पोरं शिट्ट्या मारत होती. थोड्या वेळानं आत्यानं त्या पोराला विचारलं, "आन् मी उठती कवा?" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "उठत न्हाई मावशे. तू मरायलाच हाईस." सगळा मांडव हसला. आत्यानंही तोंडाला पदर लावला. ती हसत होती की नाही ते मला दिसलं नाही. पण त्या दिवशी लहानथोर सगळ्यांना तिची ओळख करून दिली ती आपणच, शाल घालून.

पावसाळ्यात सुरुवात झाली. ती कालव्याच्या रस्त्यानं मार्केटला निघाली की पोरं तोंडानं आवाज काढायची, गेममध्ये ती पडताना येतो तो. ती त्यांना शिव्या घालायची आणि पुढं जायची. मग ढेकळं यायला लागली. मग उसातून खडे. तुला माहीतच आहे, बिबट्यामुळं हल्ली पोरं बेचक्या आणि काठ्या घेऊन फिरतात आणि कुणी त्यांना टोकत नाही. बाकीच्या बायका घोळक्यानं जायच्या, आत्या एकटीच. तिला कशाला सोबत, बिबट्याच तिला भिऊन पळेल, असं सगळे म्हणायचे. तुझे दाजीही म्हणायचे.

आईनं तुला सांगितलं की क्रेटचा कोपरा लागून आत्याच्या डोळ्याला इजा झाली. तसं काही नाही. दिवसाउजेडी, कालव्याच्या पुलावर, बेचकीचा खडा लागला. डावा डोळा गेला, भरत. सूज नाही, तात्पुरतं नाही, गेला. खडा लागला तशी ती खाली बसली, आणि पोरं पळाली नाहीत. ती पडायची वाट बघत उभी राहिली. हे मला तिनंच सांगितलं. गावात बैठक झाली, त्यात ठरलं की पोरांनी बिबट्या समजून मारला. दाजी चौकीवर जाऊ म्हणाले तर आत्याच नको म्हणाली. "नावं कुनाची सांगू? समदी घरचीच हायती." आता ती मार्केटला येत नाही. मुकादमच म्हणाला, मावशी, तुझ्यामागं पोरांचा गोंधळ लई व्हतो, तू नको येऊ. ती घरात बसून असते. मी गेले की उजव्या बाजूला बसायला सांगते, म्हणजे तिला मी दिसते. तुझी चौकशी करते. पोरगं जेवतं का नीट, एवढंच विचारते. तुझ्यावर तिचा राग नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

आता हर्षालीचं. तू तिला दिवाळीनंतर बघितलेलं नाहीस. अकरावं सरत आलंय आणि अंगानं अशी भरलीय की शाळेचा फ्रॉक मी दोनदा उसवून मोठा केला. रंग आत्याचा, खांदे आत्याचे, डावा पायही तसाच बाहेर टाकते. मी टेप लावते तेव्हा ती पोट आत ओढून धरते. पूर्वी असं करत नव्हती. वर्गातल्या मुली तिला खेळात घेत नाहीत, हे मला दुसऱ्यांकडून कळतं, ती बोलत नाही. त्यामुळं तू फोटो मागितलेस तेव्हा ती घरभर नाचली. परवा मला म्हणाली, "आई, मामाला माझ्यासारखीच पाहिजे होती. बारीक नको होती." मी सुईत दोरा ओवत बसले.

तू मला सांगितलंस तेच बंटीलाही सांगितलंस का रे? सांगितलंच असणार, कारण माडीवर नवीन पाटी लागलीय. दुसऱ्या भागात राक्षसिणीची पोरगी, तीही आपल्याच गावची. बंटी वाईट मुलगा नाही. त्याला धंद्याची जाहिरात दिसते, दुसरं काही दिसत नाही. हर्षालीनं ती पाटी अजून वाचलेली नाही, मी तिला त्या बाजूला जाऊ देत नाही. पण पोरांनी वाचलीय.

मंगळवारी मी तिला शिकवणीहून आणत होते. पोरं कालव्याच्या कठड्यावर बसली होती. आम्हाला बघून उठली आणि बाजूला सरकून वाट दिली. आवाज नाही, ढेकूळ नाही, चिडवणं नाही. हर्षालीला बरं वाटलं, तिनं हात हलवला. त्यांतला एक, ज्याच्या बारशाला मीच कुंची शिवून दिली होती, माझ्याजवळ आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "काकू, हर्षालीचं फोटो गेलं का पुण्याला?" मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, "न्हाई, गेल्यावरच सुरू करायचं ठरलंय. आदुगर केलं तर खोटं हुतंय." भरत, त्यांनी नियम केलाय. जोपर्यंत ती गेममध्ये नाही तोपर्यंत ती कुणाची तरी पोरगी आहे. गेली की मग ती मारायलाच आहे. मी घरी येऊन फोटो खणात टाकले आणि कुलूप लावलं. मला इतकी भीती कधीच वाटलेली नाही, आत्याचा डोळा गेला तेव्हासुद्धा नाही.

आणि हे आजच लिहायचं कारण असं, की काल संध्याकाळी मशीनवर एक जाड पाकीट होतं. आळंदीच्या नणंदेच्या ब्लाउजांचं होतं, दाजींबरोबर पाठवायचं. हर्षालीला वाटलं तिचेच फोटो आहेत. मी चुलीपाशी होते. ती धावत बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "आई, मी कालव्यावरच्या सगळ्या पोरांना सांगून आले, माझे फोटो पुण्याला निघाले म्हणून. ते सगळे माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. उद्यापासून मला खेळात घेणार आहेत." मी तिला खरं सांगितलं नाही, मला जमलं नाही. पोरांना जाऊन सांगितलं की फोटो इथंच आहेत, तर ती एकमेकांकडं बघून हसली. माझं ते ऐकणार नाहीत. ज्यानं केलंय त्याचंच ऐकतील. तेव्हा हे वाचलंस की तसाच उठ, दाजींच्या टेम्पोत बस आणि ये. साहेबाला काय सांगायचं ते सांग. बंटीच्या माडीवर त्या पोरांसमोर उभा राहा आणि आपल्या तोंडानं सांग की ही त्यात नाही आणि कधीच नसणार. मग हर्षालीसमोर बस, आणि का नाही, तेही तूच सांग. शाळा सुटायला अजून वेळ आहे, पण मी आत्ताच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहतेय.

तुझीच,
शालनताई