चढाला उतार लिहिला

मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९३४. मंगरूळपीर
दिवसभर किसन माळ्याच्या केसचा इंग्रजी तर्जुमा. अपील जिल्ह्याला गेलं आहे. तिथले साहेब मराठी वाचत नाहीत, ते माझ्या इंग्रजी प्रतीवरच चालणार. हकिगत साधी. किसन आसेगावहून वांगी-कोबी भरून बाजाराला येत होता. नाल्यापुढच्या चढावर बैलाच्या गळ्याचं जोत तुटलं, बैल जुवातून निसटला, भरली गाडी मागं आली. मागे रहेमान पिंजारी होता, तो चाकाखाली गेला. इथल्या कोर्टानं हयगय धरून एक वर्ष दिलं. सध्या जामिनावर.

चढासाठी आधी 'अपहिल' लिहिलं. फार शाळकरी वाटलं. खोडलं. लहानपणी एक झोकदार शब्द पाठ केला होता, शेवट 'क्लिव्हिटी' असा काहीतरी. माझ्या कोशाची पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. चाळता चाळता सापडला. डिक्लिव्हिटी. 'जमिनीचा कल.' सात ठिकाणी घातला. साहेब शब्दांचे शौकीन आहेत म्हणतात. मान दुखते आहे, पण प्रत देखणी झाली.

शुक्रवार, ता. १४
प्रत रवाना. माझ्या वरच्या शिरस्तेदारांनी न वाचताच सही केली. बावीस वर्षांत माझी प्रत कोणी तपासलेली नाही, याचा आजवर अभिमानच.

किसनची म्हातारी आई कचेरीच्या ओट्यावर बसून होती. दर तारखेला येते, आज तारीख नसताना आली. सहा कोस चालत. मला म्हणाली, "बाबू, आमचं बोलनं तिकडं जसंच्या तसं जाते नं?"
म्हटलं, "जसंच्या तसं, आजी."
पदरातून दोन वांगी काढून माझ्या बाकावर ठेवली. नको म्हटलं तरी ठेवून गेली. घरी हिनं भरीत केलं.

मंगळवार, ता. २२ जानेवारी १९३५
अपील फेटाळलं.

निकाल मलाच वाचून सांगायचा होता. ओट्यावर किसन, त्याची बायको गोदी, म्हातारी. शिपाई बेड्या घेऊन उभा. साहेबांनी लिहिलं आहे: आरोपी स्वतःच म्हणतो की गाडी उतारावर होती. उतारावरची गाडी मागे कशी येईल? सबब आरोपी खोटं बोलतो, त्यानं भरली गाडी बेफाम हाकली. मृताची बायको म्हणते की नवरा मागून गाडी रेटत होता. उतारावर गाडी कोणी रेटत नाही. सबब तीही फितवलेली.

किसन म्हणाला, "मी उतार कवा म्हनलो जी? चढ म्हनलो."
मी म्हणालो, "तू उतार म्हणाला असशील. जबानीत तसंच आहे."
हो, असंच म्हणालो मी. वर आवाजही चढवला.
"नाई बाबू. मी काहून म्हनन उतार? त्या नाल्यापासून तं चढच हाय. लहान लेकरू बी सांगन."
मग त्यानं हात पुढे केले. म्हातारी शिपायाला म्हणाली, "त्याले जेवू तं दे."

घरी येऊन मूळ मराठी जबानी आठवत बसलो. चढ. प्रत्येक ठिकाणी चढ.

बुधवार, ता. २३
शाळा सुटल्यावर हेडमास्तरांकडे गेलो. त्यांचा कोश धडधाकट. दोन शब्द आहेत. ॲक्लिव्हिटी, म्हणजे वर जाणारी चढण. डिक्लिव्हिटी, म्हणजे खाली जाणारा उतार. जमीन तीच, पाहणारा खाली उभा की वर, एवढाच फरक. मला शाळेत शिकवलेला शब्द यातला पहिला. माझ्या कोशात ते पानच नव्हतं. आणि दुसऱ्याचा अर्थ 'जमिनीचा कल' इथवर वाचून मी थांबलो. पुढे 'खालच्या दिशेनं' असं होतं. एक ओळ पुढे.

हेडमास्तर म्हणाले, "तीस वर्षं इंग्रजी शिकवतो, हा शब्द एकदाही वापरला नाही बुवा. 'अपहिल' लिहा की. पोरांनाही समजतं." कशासाठी हवा, ते त्यांनी विचारलं. सांगितलं नाही.

शुक्रवार, ता. २५
शिरस्तेदारांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.
"कोणाले समजलं?"
"कोणाला नाही."
"मंग गप राहा. सही माझी आहे त्याच्यावर. तुमची दोन वर्षं राह्यली पेन्शनीले, माझं एक. वर्ष काय, असं निघून जाते."
कोणाचं वर्ष निघून जातं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

हिला सांगितलं. तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "वैशाखात आपल्या कुसुमचं लग्न. तेवढं होऊ द्या. मग लिहा काय लिहायचं ते." वैशाख म्हणजे अजून तीन महिने. मला बरं वाटलं. तेच लिहून ठेवतो, की मला बरं वाटलं.

मंगळवार, ता. २९
रहेमानची बेवा फातमाबी कचेरीत आली. निकालात काय लिहिलं आहे ते मोहल्ल्यात पोचलं आहे. शिपाई आत सोडेना. माझ्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "बाबूजी, मी झूठी?"
म्हटलं, "बसा, पाणी घ्या."
"पानी नको मले. मी संग होती, कसम खाऊन बोलली. ते खुद मागून गाडी रेटत होते. किसन नको म्हने, तरी. माह्या मरदाले आदतच होती, कोनाची गाडी अडली का खांदा लावाची. आता लोक इचारते, माळ्यानं काय देल्लं तुले? मरद बी गेला अन् इमान बी गेलं. हे कोनं लेहलं बाबूजी?"
म्हणालो, "वरच्या साहेबांनी."
गेली. खिडकीच्या गजाला तिच्या हाताचा घाम होता.



शनिवार, ता. २ फेब्रुवारी
अर्जाचा मसुदा केला. 'माझ्या हातून नजरचुकीनं'. नजरचूक नव्हती ती, मिरवणं होतं. खोडलं. दुसरा केला. ही दारात उभी राहून पाहत होती. फाडला.

कुसुमनं विचारलं, "बाबा, तुम्ही बोलत का नाही?" म्हटलं, डोकं दुखतं.

मंगळवार, ता. ५
आज काही नाही. दोन दस्तांचा तर्जुमा. सोपे शब्द. एक ओळ लिहायला पाव तास लागतो. 'पूर्वेस' म्हणजे 'ईस्ट' हेसुद्धा दोनदा पाहिलं.

गुरुवार, ता. ७
किसनची आई गेली.

आसेगावचा कोतवाल भरणा घेऊन आला होता, त्यानं सहज सांगितलं. परवा वाफ्याला पाणी देता देता बसली ती उठलीच नाही. लेक तुरुंगात, म्हणून चुलतभावानं आग दिली. गोदी म्हणे थांबा म्हणत होती, त्याले आनतीन, थांबा. किती वेळ थांबणार.

निकाल बावीसला आला. तेवीसला मला शब्द समजला. चोवीसला लिहिलं असतं तर. सुटला असताच असं नाही. पण कागद हलला असता. पंधरा दिवस मी...

शुक्रवार, ता. ८
लिहिलं. एकटाकी, थेट जिल्ह्याच्या साहेबांना. चढाचा उतार मी केला, मूळ मराठीत सातही ठिकाणी चढ आहे, आरोपी व मृताची बायको दोघं खरं बोलले, चूक सर्वस्वी माझी, शिरस्तेदारांनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली. मराठी जबान्यांच्या नकला जोडल्या. रजिस्टर केलं. पोस्टमास्तर शिक्का मारत असताना हात पुढे करून परत घ्यावंसं वाटलं. शिक्का बसला.

हिला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "मग मुलाकडच्यांना आपणच कळवू. बाहेरून कळण्यापेक्षा." मी असं समजत होतो की हिला मी ओळखतो.

रविवार, ता. १०
आसेगावला गेलो. नाल्यात उतरलो आणि मुद्दाम मागे वळून किसनचा तो चढ पायी चढलो. दम लागला. वाटेच्या कडेला कोणीतरी दगड मांडून चुना लावला आहे, रहेमान पडला तिथे.

गोदी मळ्यात होती. खांद्यावर खोरं. सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. शब्द, कोश, वाळवी. ती मग म्हणाली, "म्हंजे आमी चढ म्हनलो अन् तुमी उतार लेहला."
"हो."
"काहून?"
 म्हणालो, "मोठा शब्द वापरायला गेलो."
तिनं दुसऱ्या वाफ्याचं तोंड फोडलं, पहिल्याचं बांधलं. पाठमोरीच म्हणाली, "बुड्या सासूले सांगाचं होतं हे. थे मरेपर्यंत म्हने, किसन्या कोर्टात काहीतरी येडंवाकडं बोलला असन. लेकावरच रुसून गेली थे."
परतताना फातमाबीकडे गेलो. दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "मोहल्ल्यात सांगा, मले कायले सांगता." मशिदीपुढच्या ओट्यावर चारजण बसले होते, त्यांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं.

बुधवार, ता. २७
मुलाकडचं पत्र. 'तूर्त थांबावं.' कुसुमनं स्वतः वाचलं आणि घडी घालून फळीवर ठेवलं.

दुपारी जिल्ह्याचा हुकूम. निकाल साहेबांना स्वतः फिरवता येत नाही. प्रकरण वरिष्ठ कोर्टाकडे पाठवावं की नाही, हे तर्जुमाकाराची जबानी घेऊन ठरेल. सोमवारी हजर व्हावं. शिरस्तेदार माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना दोष नाही.

सोमवार, ता. ४ मार्च. जिल्ह्याच्या कचेरीचा ओटा
गोदी बरोबर आली. मोटारीत पहिल्यांदा बसली, दांडा धरून. सकाळी तुरुंगावर तिला किसनची भेट मिळाली. मी फाटकाबाहेर थांबलो. आत जायची छाती झाली नाही.
बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाला?"
"मायले आग कोनं देल्ली, थेच इचारलं. केसचं काई इचारलं नाई. वाळून गेला जी."
माझं नाव घेतलं का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

अकराला माझा पुकारा झाला. साहेब माझ्याहून लहान, पस्तिशीचे असतील. उद्धट नाहीत. विचारलं, चढ आणि उतार यातला फरक तुम्हाला कळतो? म्हणालो, मराठीत कळतो. हसले नाहीत. चूक कधी लक्षात आली? तेवीस जानेवारी. अर्ज कधी केला? आठ फेब्रुवारी. मधे काय करत होता? म्हणालो, काही नाही. तेवढं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मला जा म्हणाले. पाठवणार की नाही, ते बोलले नाहीत. विचारलं तर कारकून म्हणाला, कळवतील. आठ दिवस, महिना, सांगता येत नाही. माझं काय, तेही तेव्हाच.

गोदी पायरीवर होती. म्हणाली, "झालं?"
"झालं."
"सगळं सांगतलं?"
"सगळं."
"कांदे काढाले आले हायेत, एकटीनं होत नाई, हे सांगतलं का?"
"नाही. ते नाही सांगितलं."
"थे सांगाचं होतं नं बाबू."
उठून दाराकडे पाहत उभी आहे. साहेब जेवायला निघतील तेव्हा तीच सांगणार म्हणते. मला म्हणाली, "तुमी फक्त त्याईच्या भाषेत बोला. मी म्हनन तेवढंच."