आजीच्या रफूचा नमुना

३ फेब्रुवारी

टाचणीबाईंनी आज सरळ टोचलंच — "नमुना नाही, तर नाव नाही!"

हस्तकला संस्थेच्या या बाई. कॉलरला कायम चार टाचण्या, जिभेला चाळीस. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये त्या गावातल्या जुन्या कारागिरांचं प्रदर्शन भरवतायत. ज्याचं काम मांडणार, त्याचं नाव भिंतीवर लागणार. मी म्हटलं, माझ्या आजीचं लावा. चौतीस वर्षं ड्रायक्लीनच्या दुकानात रफू केलं तिने. तीन महिन्यांपूर्वी गेली. तर म्हणाल्या, "तिचं एक तरी काम आणून दाखवा. नुसत्या आठवणी खिळ्याला टांगता येत नाहीत." वीस तारखेपर्यंत मुदत.

मुदत कशाला हवी! घरात कपाटं भरून कपडे आहेत. उद्याच नेऊन टेबलावर आपटते.

४ फेब्रुवारी

सापडलं नाही.

५ फेब्रुवारी

आज सगळी कपाटं उपसली. बाबांचा राखाडी कोट आजीने दोनदा रफू केला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकदा सायकलच्या साखळीत अडकला म्हणून, एकदा उंदराने कुरतडला म्हणून. पण कुठे? आतून-बाहेरून, उलटा-सुलटा करून पाहिला. काही नाही! आई म्हणाली, "मग नंतर नवा घेतला असेल." म्हटलं, आपल्या घरात? नवा कोट? तिलाच हसू आलं.

बाबाही येऊन शोधायला लागले. मान तिरकी, चष्मा कपाळावर, कापड नाकाशी — हुबेहूब आजी! रक्तच ते, जाणार कुठे. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "नाही सापडायचं तुला." कोट घडी घालून परत ठेवून दिला.

७ फेब्रुवारी

लॅबमधून भिंग घेऊन आले. रोज परक्यांच्या रक्तातल्या पेशी मोजून पोट भरते मी, आणि घरच्या बाईचा एक टाका सापडू नये? दोन तास कोटावर ओणवी होते. मान आखडली. टाका नाहीच.

सापडेल तरी कसा? ती विकतचा धागा कधी वापरायचीच नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायची आणि भोकावर पुन्हा कापड विणायची. आधी उभे धागे, मग आडवे, एकाखालून एक. खिडकीशी बसून, दिवसाच्या उजेडात. "दिव्याखाली रंग खोटं बोलतात," म्हणायची. एकदा मी हौसेने सुई हातात घेतली, तर माझं काम लांब धरून म्हणाली, "हा टाका आहे की कुंपण?"

चौतीस वर्षं! आजोबा दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हाही पहाटे त्यांचं सगळं आवरून नऊच्या ठोक्याला दुकानात हजर. पाठ वाकली. तर्जनीचं टोक इतकं निबर झालं होतं की चहाचा चटका तिथे कळायचाच नाही. तरी कधी दमले म्हणाली नाही. चिडली मात्र रोज — आमच्यावर, मालकावर, स्वस्त कापडावर.

मला तिचा फार अभिमान वाटतो. इथे लिहूनच ठेवते, कारण तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाली असती, "पुरे. सरक, उजेड अडवतेयस."

१० फेब्रुवारी

दुकानात जाऊन आले. मालक आता थकलेत, पण गल्ल्यावरची खुर्ची सोडली नाही. विचारलं, आजीने केलेलं एखादं काम पडून आहे का? न नेलेला एखादा कोट? इतके हसले की ठसकाच लागला.

"अगं, इथे असलं तरी ओळखू कसं? मी तिला म्हणायचो, बाई, रफू केलंस तिथे खडूची खूण ठेवत जा, गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. तर म्हणायची, खूण ठेवायची तर रफू कशाला करायचं? ठिगळ लावू की!"

मग त्यांनी वकिलाची गोष्ट सांगितली. वकिलाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलं होतं. कोट न्यायला आला तेव्हा त्याने इंच न् इंच तपासला आणि खवळला — "तुम्ही काहीच केलेलं नाही! पैसे कसले मागता?" आजी उठून आली. म्हणाली, "बरं. भोक कुठे आहे ते दाखवा, लगेच बुजवते." वकील पाच मिनिटं शोधत राहिला. शेवटी खाली मान घालून निघून गेला. पुढे आपली सगळी गिऱ्हाइकी त्याने इकडेच आणली म्हणे.

येताना रस्ताभर हसत होते. लोक बघत होते. बघेनात का!

१३ फेब्रुवारी

सापडलं!! आजीचा हिरवा स्वेटर, डावं कोपर. चांगला रुपयाएवढा रफू, भिंगाशिवाय दिसतोय!

नंतर — फजिती. आनंदाने आत्याला फोन केला. ती म्हणाली, "हिरवा ना? वेडे, तो तुझा उद्योग! तू नऊ वर्षांची होतीस. आई झोपली असताना करून ठेवलास. मी म्हटलं, उसवून नीट कर, लोक काय म्हणतील. तर माझ्यावरच डाफरली — नातीचा टाका आहे, हात लावायचा नाही."

तो स्वेटर घालून ती वर्षानुवर्षं दुकानात बसायची. गावातली सगळ्यात पटाईत रफूवाली, आणि कोपरावर ते कुंपण! गिऱ्हाइकांनी विचारलं की काय सांगत असेल, देव जाणे.

आत्याने मग नेहमीची टेप लावली. "तुझे नि दादाचे लाड, माझ्या वाट्याला मात्र शिस्त. दादा आजारी पडला की आई जेवायची नाही, मी पडले की काढा." म्हटलं, आत्या, तू साठीला आलीस. "आले तर आले! खरं ते खरं."

१६ फेब्रुवारी

मनात पाप आलं. हिरवा स्वेटरच नेला तर? रफू आहे, आजीचाच आहे. टाचणीबाईंना कोण सांगणार आहे?

पिशवीत भरलाही. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. त्या टाक्याखाली तिचं नाव? उद्या गावातला एखादा शिंपी येईल, वाकून बघेल आणि म्हणेल, एवढंच होय? नाव न लागलेलं परवडलं.

१९ फेब्रुवारी

हरले. पडदे, चादरी, आजोबांच्या जुन्या विजारी — सगळं भिंगाखालून घातलं. जेवताना जाहीर केलं की उद्या जाऊन टाचणीबाईंना नाही म्हणून सांगते. बोलता बोलता रडायला आलं. चौतीस वर्षं एवढं नेटकं काम केलं म्हणूनच तिचं नाव लागणार नाही, हा कुठला न्याय? आई पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबांनी ताट बाजूला सारलं.

मग म्हणाले, "किती वाजता जाणार आहेस?"

२० फेब्रुवारी

बाबा बरोबर आले. राखाडी कोट घालून. मला वाटलं, कोटच दाखवणार.

टाचणीबाईंनी माझे रिकामे हात बघितले. "नमुना?"

बाबा पुढे झाले. "मी आहे," म्हणाले. "मी तीन वर्षांचा होतो, माझी आई गेली. त्यानंतर हिच्या आजी आमच्या घरी आल्या. मी त्यांच्या पोटचा नाही. हे माझ्या मुलीलाही आत्ताच कळतंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि आजीचं पूर्ण नाव विचारलं.