शाखेच्या दहाव्या सहीबाबत

प्रति,
मा. निबंधक (शाखा व सदस्यत्व),
पश्चिम किनारा स्थापत्य अभियंता संघ,
मध्यवर्ती कार्यालय, मुंबई.

अर्जदार : सौ. प्राची परेश मोकल, सदस्य, पनवेल-उरण शाखा.

विषय : शाखेच्या चाळीस वर्षांच्या इतिहासातून संस्थापक सदस्य श्रीमती गुणाबाई काशिराम कडू, रा. गव्हाण, यांचे नाव काढल्याबाबत व ते परत घालून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) शाखेचे पत्र दि. १२ जानेवारी २०२६, "जुन्या प्रती जमा करणे". २) शाखेची स्मरणिका, पृष्ठ ७ व ४३. ३) शाखेची अर्जदारास आलेली उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार ही स्थापत्य अभियंता असून सहा वर्षांपासून संघाची सदस्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कन्या हेतल हिचा जन्म झाल्यावर तिने नोकरी सोडली. गेल्या जूनमध्ये शाखेच्या अध्यक्ष सौ. पद्मजा करमरकर अर्जदाराच्या घरी आल्या. शाखेत सगळे त्यांना ताई म्हणतात, अर्जदारही म्हणते. ताईंनी हेतलला मांडीवर घेतले, तिच्याकडून चष्मा ओढून घेऊ दिला, आणि फेब्रुवारीत शाखेला चाळीस वर्षे होतात, इतिहास तू लिही, असे सांगितले. अर्जदार म्हणाली, "ताई, मला सलग अर्धा तास मिळत नाही हो." त्यावर ताई म्हणाल्या, "पोर झोपली की तेवढंच लिही. मी दोन लेकरं सांभाळून पुलांची गणितं केली आहेत." त्या दिवशी कित्येक महिन्यांनी अर्जदाराला आपण अजून इंजिनिअर आहोत असे वाटले. ही बाब तक्रारीचा भाग नाही. परंतु ती नोंदवली नाही तर पुढचे मनाला इतके का लागले ते आपल्या ध्यानात येणार नाही.

२. ताईंनी शाखेचे पहिले इतिवृत्त पुस्तक अर्जदाराला वाचायला दिले. पहिल्या पानापासून अक्षर असे की छापलेले वाटावे. एक ओळ वर नाही, एक खाली नाही. दि. २२ फेब्रुवारी १९८६, शनिवार, शाळेचा चित्रकला वर्ग, पनवेल. शाखा स्थापन व्हायला नियमाप्रमाणे दहा जणांनी समक्ष सही करायला हवी होती. नऊ अभियंते हजर होते. दहावे आपटा गावाहून यायचे होते, ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मुंबईहून आलेले संघाचे निरीक्षक परतीच्या गाडीची वेळ सांगू लागले. त्याच वेळी एक बाई खाडीच्या बंधाऱ्याचा नकाशा गुंडाळी करून द्यायला आल्या. त्या पनवेलच्या एका सल्लागार कार्यालयात ट्रेसर होत्या, म्हणजे साहेबांच्या पेन्सिलच्या नकाशावर पारदर्शक कापड घालून तो शाईने पक्का करणाऱ्या. तेव्हाच्या नियमात सदस्य होण्यास "अभियंता, पर्यवेक्षक अथवा आरेखक" असे स्पष्ट होते. निरीक्षकांनी नियम मोठ्याने वाचला, कोणी हरकत घेतली नाही, आणि दहावी सही झाली : गुणाबाई काशिराम कडू. पुढची अकरा वर्षे इतिवृत्त त्यांनीच लिहिले. शाखेचे पहिले काम, म्हणजे गव्हाण ते उरण रस्त्यापर्यंतच्या बंधाऱ्यांचा आणि उघाड्यांचा, म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांचा नकाशा, त्यांनीच शाईत उतरवला. शाखेच्या कार्यालयात काचेत लावला आहे तो हाच.

सौ. पद्मजा करमरकर १९९१ साली सदस्य झाल्या. शाखेतील त्या दुसऱ्या महिला होत.

३. अर्जदार गुणाबाईंना शोधत गव्हाणला गेली. वय शहात्तर, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. अर्जदार कशासाठी आली ते ऐकून त्या म्हणाल्या, "चालीस वरसांनी आठवण झाली? मना वाटला, मी मेली म्हनून कोनीतरी ठराव केला असेल." मग हेतलकडे हात पसरून, "पोरीला दे मजकडं. तू बस लिवायला. आता हात रिकामा झाला, तो कागदावर चालव."

त्यानंतर पाच महिने अर्जदार आठवड्यातून दोनदा दुपारी तिथे जात असे. घरी जो अर्धा तास मिळत नव्हता तो गव्हाणच्या पडवीत मिळाला. हेतल त्यांच्या मांडीवर झोपायची, आणि त्या पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून पायाने दाबून धरायच्या. निम्मा इतिहास तिथे लिहिला आहे. एकदा अर्जदाराने सही करताना धाकधूक झाली का असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सही करताना हात नाय कापला. रेघ मारताना कधी कापला नाय, तर नावाला कशाला कापेल?" हे वाक्य अर्जदाराने इतिहासात जसेच्या तसे घातले होते.

आणि अर्जदाराने त्यांना शब्द दिला. समारंभात तुम्ही व्यासपीठावर बसणार, पुस्तकात तुमचे नाव पहिल्या दहांत असणार, पहिल्या प्रतीवर तुमची सही घेणार. त्या म्हणाल्या, "मी नाय बसायची त्या सायबांच्या ओलीत." अर्जदार म्हणाली, ती ओळ तुमच्यामुळे आहे. यावर त्या उठून आत गेल्या आणि हेतलसाठी केळे घेऊन आल्या.

४. आता अर्जदाराची स्वतःची चूक. आपल्या व्यवसायात नवा नकाशा निघाला की जुन्या सर्व प्रती परत घेऊन रद्द करतात, हे आपणास ज्ञात आहेच. अर्जदाराने नोकरीत असताना जुन्या नकाशावरून बांधलेला जिना पाडताना पाहिला आहे. इतिहासाचा मसुदाही शाखेने नकाशासारखाच चालवला : आवृत्ती शून्य, आवृत्ती एक, खाली चौकटीत लेखन, तपासणी, मंजुरी. दि. १२ जानेवारीला सचिव श्री. भावेश ठक्कर यांचे पत्र आले की आवृत्ती दोन मंजूर झाली आहे, जुन्या प्रती व सोबतचे कागद जमा करावेत. वर फोनही केला, "मॅडम, दोन आवृत्त्या साइटवर फिरायला नकोत." अर्जदाराला ते पटले. तिने जवळच्या तिन्ही जुन्या प्रती, त्यांना जोडलेल्या इतिवृत्ताच्या छायाप्रतींसह, जमा केल्या आणि पोच घेतली. घरी येऊन संगणकावरच्या फाइलीही पुसल्या. पती श्री. परेश म्हणाले, "एखादी तरी ठेव गं." अर्जदार म्हणाली, तशी पद्धत नाही.

आवृत्ती दोन तिने मागितली नाही. तपासणीच्या चौकटीत ताईंची सही असल्याचे पत्रात होते, म्हणून वाचण्याची गरज वाटली नाही.

५. दि. २७ जानेवारीला छापील स्मरणिका घरी आली. पृष्ठ ७ वर दहावे संस्थापक म्हणून आपट्याच्या, त्या दिवशी न पोहोचलेल्या सदस्यांचे नाव आहे, आणि पुढे कंसात "पत्राद्वारे". त्याच पानावर सौ. पद्मजा करमरकर यांचे छायाचित्र असून खाली "शाखेच्या पहिल्या महिला सदस्य" असे आहे. समारंभात याच नात्याने त्यांचा सत्कार होणार आहे. बंधाऱ्यांचा नकाशा छापला आहे, परंतु आरेखकाचे नाव असलेला कोपरा कापून. गुणाबाई पृष्ठ ४३ वर, ऋणनिर्देशात, मंडपवाल्यांच्या आणि फुलवाल्यांच्या मध्ये सापडल्या : "सुरुवातीच्या काळात सभांच्या चहापानाची व्यवस्था पाहणाऱ्या गुणाबाई."

महोदय, अकरा वर्षांच्या इतिवृत्तात चहा कोणी केला याची एकही नोंद नाही. अर्जदाराने सगळे वाचले आहे.

आणि या सगळ्याखाली चौकटीत छापले आहे : लेखन, प्राची मोकल. अर्जदाराचे नाव गाळले असते तर तिने हा अर्ज केला नसता. ते गाळलेले नाही, हीच तक्रार आहे.

६. अर्जदाराने त्याच दिवशी ताईंना फोन केला. वाटले, मुद्रकाचा घोळ असेल. ताई म्हणाल्या, "अगं, ती ट्रेसर होती. आपण इंजिनिअर्सचा इतिहास लिहितोय." अर्जदार म्हणाली, ताई, इतिवृत्त तुम्हीच दिलेत मला. ताई मग म्हणाल्या, "साइटवर मला बाई म्हणून चहा सांगायचे, ठाऊक आहे तुला? पस्तीस वर्षं मी पहिली होते म्हणून टिकले. आता या वयात मला दुसरी करतेस?" त्यातला पहिला भाग खरा आहे. परंतु ज्यांना चहा सांगितला गेला त्यांनीच दुसऱ्या बाईच्या हाती किटली द्यावी, हे अर्जदाराच्या आकलनापलीकडचे आहे. शेवटी ताई म्हणाल्या, "तू आत्ता हळवी झाली आहेस. बाळंतपणानंतर होतं असं." हेतल चौदा महिन्यांची आहे आणि चालते.

७. त्यानंतर शाखेकडे रीतसर अर्ज केले. मिळालेली उत्तरे संक्षेपाने पुढीलप्रमाणे. प्रथम कळवले की मंजूर इतिहासात दुरुस्ती सुचवण्यास दहा वर्षांचे सदस्यत्व लागते. तो लिहिण्यास किती लागते हे कळवले नाही. मग पुरावा मागितला. पुरावा इतिवृत्तात आहे म्हटल्यावर कळवले की पुस्तक बांधणीसाठी गेले आहे. कोणाकडे, हे सांगता येत नाही. मग श्रीमती कडू यांची पदवी आणि त्या हयात असल्याचा दाखला मागवला. पदवी नाही. हयातीबद्दल, त्याच आठवड्यात त्या रिक्षावाल्याला सुट्या पैशांवरून भर नाक्यावर झाडत असताना अर्जदाराने प्रत्यक्ष पाहिले आहे. मग दुरुस्ती समिती नेमली : अध्यक्ष सौ. करमरकर, सदस्य श्री. ठक्कर, आणि तिसऱ्या जागी "लेखकाचा प्रतिनिधी". लेखक स्वतः हजर राहू शकते का, असे विचारता, प्रतिनिधीची तरतूद आहे, लेखकाची नाही, असे उत्तर आले.

समितीने दि. ७ फेब्रुवारीला एकमताने दुरुस्ती मान्य केली. पृष्ठ ४३ वर "चहापान" ऐवजी "चहापान व अल्पोपाहार" असे वाचावे, आणि नावामागे "श्रीमती" लावावे. श्री. ठक्कर यांनी फोनवर सांगितले, "मॅडम, बघा, वाढवून दिलंय."

८. समारंभ रविवार, दि. २२ फेब्रुवारीला आहे. गुणाबाईंना यातले काहीही माहीत नाही. त्यांची नात कोमल जासईला कंटेनर यार्डात कामाला आहे, तिने त्या दिवसाची रजा टाकली आहे. गेल्या आठवड्यात अर्जदार सांगायचेच असे ठरवून गव्हाणला गेली. गुणाबाई पडवीत वही घेऊन बसल्या होत्या. हात आता थरथरतो, म्हणून त्या पंधरा दिवसांपासून सहीचा सराव करत होत्या. पानभर तेच नाव. वरच्या ओळी वाकड्या, खालच्या सरळ होत आलेल्या. त्यांनी वही अर्जदारापुढे धरली आणि म्हणाल्या, "इंजिनिअरीनबाय, तपास. चालेल का हा?"

अर्जदार म्हणाली, चालेल. आणि घरी आली. सोमवारी पुन्हा गेली, पुन्हा तशीच परतली. ताईंनी अर्जदाराशी जे केले ते वर लिहिले आहे. अर्जदाराने त्या दिवशी जे केले तेही येथे लिहून ठेवत आहे, कारण हा इतिहास तरी पुरा असावा.

९. सबब विनंती की,

(अ) शाखा स्थापनेचा दहा सह्यांचा मूळ कागद नियमाप्रमाणे निरीक्षकांनी आपल्या कार्यालयात जमा केलेला असणार. तो काढून पाहावा. त्याला बांधणी लागत नाही.

(आ) तो पाहून शाखेस स्मरणिकेचे वाटप थांबवण्याचा आदेश द्यावा, पृष्ठ ७ नव्याने छापण्यास सांगावे, आणि २२ तारखेस श्रीमती कडू यांना संस्थापक म्हणून व्यासपीठावर बसवावे. सौ. करमरकर यांचा सत्कार रद्द करावा अशी अर्जदाराची मागणी नाही. पस्तीस वर्षे त्यांनीही काढली आहेत. फक्त पाटीवर खरे लिहावे.

(इ) वरील काहीही शक्य नसल्यास, आपल्या कार्यालयातील एका जबाबदार अधिकाऱ्याने २२ तारखेपूर्वी गव्हाणला यावे, आणि तुमचे नाव नाही, हे गुणाबाईंना समोर बसून सांगावे. शाखेतील कोणी हे करणार नाही, आणि अर्जदाराच्याने होत नाही. अधिकाऱ्यांना पनवेल स्थानकावरून नेण्याची व परत सोडण्याची व्यवस्था अर्जदार करील. त्यांनी एवढेच करावे की त्या वही पुढे करतील तेव्हा ती हातात घ्यावी आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाहावी. नंतर काय सांगायचे ते त्यांनी ठरवावे.

आपली नम्र, आणि अद्याप सदस्य,

(सही)
सौ. प्राची परेश मोकल
नवीन पनवेल
दि. ११ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) जुन्या प्रती जमा केल्याची पोच.
२) स्मरणिका, पृष्ठ ७ व ४३.
३) शाखेची उत्तरे व समितीचा निर्णय.
४) इतिवृत्तावरून घेतलेली अर्जदाराची कच्ची टिपणे, हेतलच्या लसीकरण कार्डाच्या पाठीवर (छायाप्रत. मूळ कार्ड देता येत नाही, पुढची लस बाकी आहे).

टीप : या अर्जाची प्रत शाखेस दिली आहे. श्रीमती गुणाबाई कडू यांना दिलेली नाही. कृपया त्यांच्याशी थेट पत्रव्यवहार करू नये. त्यांना पत्र आले की त्या ते लगेच उघडतात.