न पसरलेला पदर

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्रीस मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. दहा दिवसांनी नळाला पाणी आलं, टाकी भरून घेतली. साखर ब्याण्णव. डॉक्टर म्हणाला, "आजी, शंभरी गाठणार तुम्ही." एकाहत्तर वर्षांच्या बाईला असं तोंडावर सांगतात का?

तुझी आई जाऊन सव्वा महिना झाला. धाकटी बहीण गेली, आणि मला अजून रडू आलेलं नाही. भाजी आणते, निवडते, खाते.

उदगीरला तिच्या दिवसांच्या, शिवगणाराधनेच्या पंगतीत तुमची शेजारीण उमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली ना, "थोरली बघा कशी खुटखुटीत हाय. लेकरं न्हाईत, झिजंल कशाला?" आमटीचं पातेलं तिच्या ताटात उपडं केलं असतं, पण मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली शिस्त आडवी आली. तू प्राध्यापकीण. मला बरं वाटावं म्हणून प्रयोगशाळेतल्या माश्यांची गोष्ट काढलीस. शरीराजवळ शिदोरी एकच असते, अंड्यांवर खर्चली की स्वतःच्या डागडुजीला कमी पडते, अंडी घालू न दिलेल्या माश्या जास्त जगतात. "माणसात इतकं सरळ नसतं, मावशी," असंही म्हणालीस. मी ताटावरून उठले. तुला वाटलं, वांझपणाचं लागलं. ते नव्हतं.

आता लिहितेस, नांदेडला राहायला ये, रविवारी गाडी पाठवते, आईनंतर तूच. पत्र दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. येण्याआधी एक सांगायला हवं.

तू मला दत्तक यायची होतीस आणि तुझ्या आईला देववलं नाही, हे तू लहानपणापासून ऐकलंस. खोटं आहे. ते मी पसरवलं.

चौथ्या बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी तुझ्या आईला, नागम्माला बजावलं होतं, अंगात रक्त नाही, आता पुरे. मला ठाऊक होतं. तरी मी तिच्याकडे मूल मागितलं. ती हसली. "अक्का, मला चार हायत की. तुझ्यासाठी एक करते." भाकरी थापायची असावी तसं बोलली. तुझ्या वेळी तिच्या दोन दाढा गेल्या. कंबर धरली ती शेवटपर्यंत.

बारशाला स्वामींनी तुझ्या गळ्यात लिंग बांधलं. मग ती तुला घेऊन माझ्यासमोर आली. मी पदर पसरायचा, तिनं तुला ओटीत घालायचं, एवढंच होतं.

"अक्का, पसर की."

त्याच आठवड्यात माझी मुख्याध्यापिकेची ऑर्डर आली होती. मी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाले, "राहू दे. तुला देववणार नाही."

तिनं हात लांब केलेले होते. ते तसेच राहिले थोडा वेळ. मग तुला परत छातीशी धरलं. पुढे कुणीही विचारलं की माझंच वाक्य म्हणायची, "मलाच देववलं न्हाई." पस्तीस वर्षं म्हणाली.

तुझ्या माश्यांनी मला नवीन काही सांगितलं नाही. माझ्या वाटचंही तीच झिजली. आणि झिजून जे दिलं, तेही मी घेतलं नाही.

पिशवी भरलेली नाही. रविवारी सकाळी अंघोळ करून पायरीवर बसेन. रोजच बसते. गाडी आली नाही तर गल्लीत कुणाला कळणारही नाही.

तुझ्या आईची,
अक्का