नंदानं आईचं काय सांगितलं

१० जानेवारी, उमापूर
काल घरी आले. सेमिस्टर संपलं. जपानीची तोंडी बरी गेली, मॅडम म्हणाल्या उच्चार सुधारलेत. ते नात्सुमीमुळं.
पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं विचारलं, "नंदा कशी हाय?" आधी नंदा, मग मी! नात्सुमी हे नाव तिच्या तोंडात बसलंच नाही. सप्टेंबरात ती आठवडाभर आमच्याकडं राहिली, तर दुसऱ्याच दिवशी आईनं तिची नंदा करून टाकली.
ती तिकडं जपानात बी.ए.ला दक्षिण आशियातल्या भाषा अन् समाज शिकते, मी पुण्यात बी.ए.ला जपानी. वर्षभर मराठी शिकायला आलती, होस्टेलात एकाच खोलीत होतो. ती माझं बोलणं दुरुस्त करायची, मी तिचं. 'ळ' मीच शिकवला. दिवाळीनंतर परत गेली. खोली मोठी वाटते.

१३ जाने.
ना.चा मेसेज. शनिवारी तिच्या प्रबंधाचं सादरीकरण, ऑनलाइन बघता येईल. विषय : मराठवाड्यातल्या बायकांचं बोलणं. "आईंनाही बसव. त्यांचा फोटो आहे!"
आईला सांगितलं. "माझा फोटू? जपानात?" थोड्या वेळानं बघते तर जांभळी साडी काढून उन्हात टाकलेली. म्हणलं, अगं, तू त्यांना दिसणार नाहीस.
"मला तर मी दिसन का न्हाई?"

१७ जाने.
सुचेल तसं लिहिते.
अमोलनं माझा फोन टीव्हीला जोडून दिला. (चुलतभाऊ, मोबाइलचं दुकान. सप्टेंबरपासून ना.च्या प्रत्येक फोटोला लाइक.) तोही बसला. बाबा गिरणीवर. आई जांभळ्या साडीत, डोक्यावर पदर.
ना. काळ्या सुटात. आधी नकाशा, त्यांच्या लिपीत 'उमापूर'. मग आई 'हाय', 'न्हाई' कसं म्हणते, त्याचा आवाज. आई हसली. मग फोटो, कपिलधारचा. "अगं, मीच की!"
पुढचं चित्र : पालथी घागर.
शब्द यायच्या आत कळलं मला.

सप्टेंबरात कपिलधारला गेलतो आम्ही तिघी. दर्शन करून धबधब्यापाशी बसलो. ना.नं सहज विचारलं, "आई, तुमचं लग्न कसं झालं?" आई म्हणाली, "कंचं?" मी हसले, मला वाटलं चेष्टा करतीय.
चेष्टा नव्हती. बाबांच्या आधी एक लग्न झालतं तिचं. मला हे तिथं कळलं. ना.ची मराठी पुस्तकातली, आईचं बोलणं तिला निम्मंच कळायचं, म्हणून मी एकेक वाक्य जपानीत सांगत होते. रडायला सवडच नव्हती. तो मारायचा. सासूला सांगितलं तर सासू मारायची. एके दिवशी पाण्याला म्हणून निघाली, घागर बांधावर पालथी ठेवली (चोरून नेली म्हणू नये कुणी), अन् चालत माहेरी. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्यांना काही ऐकू जात नव्हतं. म्हणूनच तिथं बोलली असेल.
मग म्हणाली, "ह्येंला ठावं हाय. बाकी कुणाला न्हाई, तुज्या चुलत्याला बी न्हाई. हितंच ठेव, नंदे." हेही मी सांगितलं जपानीत. ना.नं आईचा हात धरला, मराठीत म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही."

आज ना.नं सगळं सांगितलं. आईचं नाव. त्या गावाचं नाव, जे मी इथंसुद्धा लिहीत नाही. आणि एक शब्द. मी तेव्हा 'देता' म्हणलं होतं, म्हणजे निघाली, बाहेर पडली. ती आज म्हणाली 'निगेता'. पळाली. पळालेली नवरी. तीनदा तरी म्हणाली.
"काय म्हनतीया गं?"
"तुझ्या भाकरीचं सांगतीय."
"येवढा येळ?"
"लई आवडली तिला."
शेवटी तिकडं टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या.

१८ जाने.
ना.ला लिहिलं. जपानीत लिहायला घेतलं, राग मावेना, मराठीत लिहिलं. कावून केलंस असं? शब्द दिलता तू.

१९ जाने.
उत्तर आलं, लांबलचक, जपानीत. आम्ही दोघी अरेतुरेतल्या जपानीत बोलायचो. आज तिनं मला परक्या माणसाला लिहितात तसं आदरानं लिहिलंय. तिथंच कळलं.
म्हणणं असं : ही धैर्याची गोष्ट आहे, लपवण्यासारखं काही नाही. इथं उमापूर कोणाला माहीत आहे? सर म्हणाले, प्रबंधातला हाच भाग सर्वांत मोलाचा. व्हिडिओ विभागानं नेटवर टाकलाय, तिच्या हातात नाही.
आणि : "भाषांतरासाठी आपलं नाव आभारात घेतलं आहे."
फोन गादीवर फेकला. मग उचलला, फुटला का बघितलं.

२० जाने.
ना.नं त्या व्हिडिओची लिंक स्वतःच्या स्टेटसला लावली. निम्मं उमापूर बघतं तिला. अमोलनं खाली मराठी अक्षरं उमटायचं बटण दाबलं असणार.
दुपारी आला. आई गहू निवडत होती. मला बाजूला घ्यायची अक्कल नाही, तिथंच, "काकूचं आधी लग्न झालतं का गं? का ते मशीन काय बी लिहितंय?"
मी म्हणलं, मशीनचं काही खरं नसतं.
आईनं सुपातून मान वर केली. "झालतं," म्हणाली. "जा, तुज्या आईला सांग जाऊन."
तो गेला. मला वाटलं आता रडेल. सुपातले खडे वेचत राहिली. मग :
"सगळ्यांम्होरं बोलली का ती?"
"हो."
"नाव घेऊन?"
"हो."
"आन् तू मला भाकरीचं सांगितलंस."
म्हणलं, तुला वाईट वाटू नये म्हणून.
"मी टाळ्या वाजवल्या, सुवर्णे."

२२ जाने.
आई कामापुरतं बोलते. काकू (अमोलची आई) हळदीकुंकवाला आल्या नाहीत. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "मला लग्नाआधीच सांगितलं व्हतं तिनं. मला पुरं हाय." आईनं ताटात भाजी वाढली, वर बघितलं नाही.
ना.चा मेसेज आला होता. उघडला नाही. तिच्यावर चिडणं सोपं आहे. आईनं मला तिच्याच रांगेत बसवलंय, ते सोसत नाही.

२४ जाने.
सकाळी आई म्हणाली, "नंदाला फोन लाव. चेहरा दिसतो तसला."
लावला. ना.नं लगेच घेतला. डोळे सुजलेले. "आई," म्हणाली, अन् पुढं तिला मराठी सुचेना.
दोघींचं एकमेकींना सांगायला म्हणून मी शेजारी बसले, नेहमीसारखी. आईनं फोन माझ्या हातातून घेतला.
"तू भाईर जा."
"अगं, तिला तुझं बोलणं कळायचं नाही."
"मी हळू बोलते. कळंल तिला."
ओसरीवर उभी राहिले. दार लोटलेलं. आईचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. एकेक शब्द सुटा करून बोलत होती, वर्गात बोलतात तशी. मग ना.चा आवाज. मग परत आई.
बाहेर आली, फोन दिला, चुलीकडं गेली. विचारलं, काय झालं बोलणं? "झालं," म्हणाली.
आत्ता बघितलं. व्हिडिओ आहे तिथंच. काढून टाक म्हणाली असेल अन् ना.नं ऐकलं नसेल, का आईच म्हणाली असेल, राहू दे. विचारलं तर सांगणार नाही. मला तरी नाही.