डाव्या पोटरीचं माप

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (डावी पोटरी आडवी आली म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला मनाने समजून घे). तू बरी असशील, भावोजींचा खोकला गेला असेल आणि तुमचं मांजर माझ्यावर अजून रागावलेलं असेल. तुझ्या गेल्या पत्रात मात्र विचारपूस अशी नव्हतीच. "आठ दिवसांत पाय दाखवला नाहीस तर येऊन तुझं दुकान बंद करीन" एवढी एकच ओळ. तीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस, धमकी कशी द्यावी हे तुला कोण शिकवणार! दाखवला पाय.

दुकानातून घरी निघालो की शंभरेक पावलांवर पोटरीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, पुढच्या शंभर पावलांवर परत हजर. पंचाईत अशी, की पहिली शंभर पावलं संपतात ती नेमकी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याच्या काचेपुढे. मी त्याचे कोट चोरून बघतो असा त्याचा समज झाला आणि त्याने काचेला आतून पडदा लावला. (त्या कोटांच्या बाह्या बघून मीच त्याला तो सल्ला दिला असता.)

डॉक्टर म्हणाले, पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा असावा. सुई न टोचता, कुठेही न कापता आधी तपासू. मला धास्ती एकच, पाय गेला तर मशीनचं पायडल कोण मारणार? पण जायचंच तर रुबाबात जावं म्हणून दोन दिवस खपून नवी पॅंट शिवली, हल्लीच्या पद्धतीची, खाली अगदी निमुळती. तपासणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "काका, पॅंट वर घ्या, घोट्यालाही बांधायचाय." पॅंट सरकेना. मी ओढली, बाईंनी ओढली, बाहेरून सौ. आली, तिनेही ओढली. माझी शिवण ती, उसवते कशाला! शेवटी बाईंनी कात्री काढली. परक्या हातची कात्री माझ्या कापडाला? ती मागून घेतली आणि पलंगावर बसून दोन्ही पायांच्या शिवणी गुडघ्यापर्यंत स्वतः उसवल्या. दारातून तिघं पेशंट बघत होते. त्यातल्या एकाने, पडदे शिवता का, असं विचारलं.

पुढचं सोपं होतं. घोट्यावर गार जेल, त्यावर पेनाएवढं यंत्र, त्यातून वाहत्या रक्ताचा आवाज; उजवीकडे खणखणीत, डावीकडे जिना चढून आलेल्या माणसासारखा. दंडात जेवढा दाब तेवढा, निदान जवळपास तेवढा, घोट्यातही हवा. एकाच सदऱ्याच्या दोन बाह्या म्हण ना. उजवा पाय बरोबर निघाला, डावा दहाला सात. अडथळा आहे, पण पाय जागेवर राहणार. गोळ्या घ्यायच्या, तंबाखू बंद, आणि रोज गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. मशीनला मनाई नाही. तेव्हा दुकान उघडं आहे, तुझ्या नाकावर टिच्चून.

तुझा (यावेळेपुरता) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. तंबाखू सोडली. हे वाक्य वाचून सौ. हसली, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आणखी ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात तुमच्याखेरीज आणखी कुणाला मधुमेह? मी तुझं नाव सांगितलं. चालताना त्यांचे पाय दुखतात का? म्हटलं, विचारायची कुणाची छाती! तेवढ्यात सौ. बोलून गेली, की बाजारात जाताना तू हल्ली दर चार घरांआड कुणाच्या तरी दारात गप्पा मारायला थांबतेस. तू! गप्पा मारल्या म्हणून अख्खा वर्ग बाकावर उभा करणारी! गुरुवारी दहाचा नंबर तुझ्या नावाने लावलाय. कपडे सैल घाल.

शेवटचं ता. क. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नकोस, दुकानात येऊन तोंडावर सांग. मात्र बस स्टॉपपासून चालत ये. वाटेत तुला कोण कोण ओळखीचं भेटतं, ते मी दारात उभा राहून बघतो.